आगोटीची बेगमी घरात होते, कारखान्यात का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘कोकणी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य आपल्या पत्रांच्या सदरात वर्षातून चार-पाच वेळा तरी येतंच. कारण म्हणून कोणी आळस लिहितं, कोणी भांडवल, कोणी भाऊबंदकी. रत्नागिरी तालुक्यात, खाऱ्या वाऱ्याने पत्रा दोन वर्षांत गंजतो अशा गावात, मी २२ वर्षं आंब्याचं कॅनिंग करते. भाऊबंदकी आमच्याकडेही आहे. तिच्यावर लिहायला बसले तर आपली रविवारची पुरवणी पुरायची नाही. पण आमचा धंदा एकदा बुडता बुडता राहिला, तो ह्या तिन्हींपैकी कशामुळेही नव्हे. ते कारण दीड महिना आमच्या पडवीत निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं होतं. म्हणून हे पत्र.

आमचं काम आधी थोडं सांगते. झाडावरचा देखणा हापूस पेटीत बसून वाशीला जातो. लहान, डागी, पेटीत न शोभणारा आंबा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून किलोच्या भावाने आमच्याकडे येतो. तो पिकवायचा, धुवायचा, कापायचा, पल्परमधून रस काढायचा, तापवून डब्यात भरायचा, डबा सील करून उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि मग थंड करायचा. पाऊस लागला की फळ संपलं. म्हणजे ज्यावर वर्षाचं पोट चालतं ते काम जेमतेम २५ दिवसांचं. शेतकऱ्याला दुबार पेरणी तरी असते, आम्हाला दुबार मे महिना नसतो.

२०१७ ची दिवाळी झाल्यावर आम्ही हिंमत केली. बँकेचं कर्ज मंजूर झालं आणि घाटावरच्या एका कारखानदाराकडे नवा पल्पर, मोठं सीलिंग मशीन आणि फळ वर चढवणारा पट्टा अशी १४ लाखांची ऑर्डर दिली. दिवसाला एक टनाऐवजी तीन टन माल निघणार होता. मशीन मार्चअखेर मिळायचं ठरलं. डिसेंबर ते मार्च आम्ही काय केलं म्हणाल, तर शेडला रंग दिला, नवा बोर्ड रंगवून घेतला, मशीनपुढे फोडायला नारळ आणून ठेवला. मशीनवाल्याला एकदा फोन केला. तो म्हणाला, “काळजी करू नका.” त्याचा हा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला.

मशीन २४ एप्रिलला आलं. ट्रक वाडीच्या वळणावर अडकला, तेव्हा शेजाऱ्यांचा दगडी गडगा दहा फूट उतरवावा लागला. (तो पुन्हा रचून दिला, पण बोलणं अजून थोडं कमीच आहे.) दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्याने कागद उलटेसुलटे करून पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “वहिनी, मशीन झकास आहे. पण ह्याला चालवायला तुमच्याकडे लाईट कुठे आहे?”

आमचा विजेचा मंजूर लोड १० एचपीचा (हॉर्सपॉवरचा). नव्या मशीनच्या सगळ्या मोटारी मिळून २८. हा आकडा मशीनवाल्याच्या कोटेशनच्या शेवटच्या पानावर छापलेला होता आणि ते कोटेशन डिसेंबरपासून आमच्या कपाटात, पोथ्यांच्या शेजारी होतं. पहिल्या पानावरची किंमत आम्ही दहा वेळा वाचली होती. शेवटचं पान कोणीच उलटलं नव्हतं.

२६ एप्रिलला वीज कंपनीकडे लोड वाढवायचा अर्ज केला. डीपीवर, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर, तेवढी जागा नव्हती. मग पाहणी, अंदाजपत्रक, पैसे भरणं, सामान येणं. ह्यात मी कोणावर खापर फोडणार नाही. जानेवारीत अर्ज केला असता तरी त्यांना एवढेच दिवस लागले असते, फक्त ते आम्हाला जाणवलेही नसते. जोडणी ९ जूनला मिळाली. तेव्हा अंगणात पाणी साचलेलं होतं.

मधले दिवस कसे गेले ते लिहवत नाही, पण लिहिते. तीन टनांच्या हिशेबाने बागायतदारांना शब्द देऊन बसलो होतो. आंबा येत राहिला. अढीत, म्हणजे गवतात पिकायला, घातलेला हापूस कोणाची वाट बघत नाही. आज पिवळा, उद्या केशरी, परवा उकिरड्यावर. जुन्या मशीनवर रात्रपाळी लावली, कापणाऱ्या बायका उभ्या उभ्या पेंगायच्या. उरलेला आंबा दुसऱ्या कॅनिंगवाल्याला त्याच्या भावाने दिला, आणि ‘त्याचा भाव’ म्हणजे काय हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. काही फळ सरळ खड्ड्यात गेलं. दारावरून जाणारा प्रत्येक जण ताडपत्री बघून विचारायचा, “नवीन गाडी घेतलीत काय?” जूनपासून कर्जाचा हप्ता सुरू झाला.

आमच्या सासूबाई तेव्हा ८१ वर्षांच्या. त्या ह्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण गप्प बसून त्या स्वतःची आगोट उरकत होत्या आणि ती मला डोळ्यांसमोर दिसत होती. आपल्या घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, आगोट म्हणजे पाऊस लागण्याआधीचे दिवस, आणि त्या दिवसांत करायची सगळी बेगमी.

शिमग्याची पालखी घरी येऊन गेली की त्यांचा हिशेब सुरू व्हायचा. कौलं परतणारा आमच्या तीन वाड्यांत मिळून एकच माणूस. मेअखेरीला सगळ्यांना तोच हवा असतो. म्हणून त्याला शिमग्यातच गाठायचं, हातावर थोडे पैसे ठेवायचे आणि चैत्रातला दिवस पक्का करायचा. कौलं झाल्याशिवाय माळ्यावर काही चढवायचं नाही, म्हणून लाकडं आणि शेणी त्याच्यानंतर. मिरची एप्रिलच्या कडक उन्हात, कारण मेमध्ये मळभ येतं आणि मिरची काळी पडते. म्हणजे मसालाही त्याच वेळी. सोडे, सुकट, सुका बांगडा मे महिन्यात भरून ठेवायचा, कारण १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. कोकमं सगळ्यात शेवटी, कारण झाडच ती उशिरा देतं. म्हणून उन्हाचे शेवटचे दिवस अंगण कोकमांसाठी मोकळं ठेवायचं, तिथे दुसरं काही वाळत टाकायचं नाही, हे महिनाभर आधी ठरलेलं. पडवीला पावसाच्या बाजूने बांधायचे झाप त्याआधीच विणून कोपऱ्यात उभे. ह्यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नसायचं. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की घरात सगळ्यांना एकच प्रश्न यायचा : “काय ऱ्हायलंय?” काय झालं, हे त्या कधी विचारत नसत.

आणि ह्याच घरात आम्ही १४ लाखांचं मशीन आणलं तेव्हा कोणी कोणाला ‘काय राहिलंय’ असं विचारलं नाही. मिरचीसाठी जेवढी अक्कल खर्च झाली, तेवढी मशीनसाठी झाली नाही. मला वाटतं, कोकणात हे सर्रास होतं. घरच्या बाबतीत आपण पावसाच्या चार महिने पुढे असतो, आणि धंद्याच्या बाबतीत ‘बघूया’. पाऊस गेल्यावर बघूया, गणपती झाल्यावर बघूया, दिवाळी होऊन जाऊ दे, शिमगा होऊन जाऊ दे. शिमगा झाला की आंबा, आणि आंब्यात कोणाला वेळ असतो?

त्या वर्षी दसऱ्याला शेडमध्ये एक काळा फळा टांगला. सगळ्यात खाली लिहिलं : १० मे, पहिला डबा सील. मग एकेक पायरी उलटं वर चढत गेलो. १० मेला डबा सील व्हायचा तर रिकामे डबे १० एप्रिलला शेडमध्ये हवेत, म्हणजे त्यांची ऑर्डर आणि आगाऊ रक्कम जानेवारीत. बॉयलरचं प्रमाणपत्र दर वर्षी नवं करावं लागतं, त्याची तपासणी मार्चआधी. लेबलं फेब्रुवारीत छापून यायला हवीत, कारण मार्चमध्ये छापखाने लग्नपत्रिकांत बुडालेले असतात. कामाला येणाऱ्या बायकांशी शिमग्याआधी बोलायचं, नाहीतर त्या काजूच्या कारखान्यात नाहीतर आंबा पॅकिंगला शब्द देऊन मोकळ्या होतात, आणि त्यात त्यांची चूक काही नाही. अशा १९ ओळी झाल्या. प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव. सुरुवातीला चार-पाच ओळींपुढे यजमानांनी ‘आपण सगळे’ असं लिहिलं होतं, ते मी पुसलं. ‘आपण सगळे’ नावाचा माणूस मी आजवर कामाला आलेला पाहिलेला नाही.

एक ओळ अशी होती की कामगार हसले : फेब्रुवारीत डब्यांत नुसतं पाणी भरून पूर्ण मशीन एक दिवस चालवायचं. “वहिनी, पाणी विकायचं काय आता?” पण त्या दिवशी शंभरातले सात-आठ डबे कडेने ठिबकत होते. सीलिंगचा रोलर झिजलेला. नवा रोलर मुंबईहून यायला १२ दिवस लागले. फेब्रुवारीतले ते १२ दिवस आम्हाला फुकट पडले. मेमध्ये त्यांची किंमत काय झाली असती, ती बेरीज मी मुद्दाम करत नाही.

माझा भाचा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गणपतीला आला की फळ्याचे फोटो काढतो. म्हणाला, “आत्या, ह्याला आमच्याकडे प्रोअ‍ॅक्टिव्ह प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात, म्हणजे अडचण यायच्या आधीच कामाची आखणी. त्याचे कोर्स असतात, फी भरून.” त्याने लॅपटॉपवर मला रंगीत पट्ट्यांचा तक्ता दाखवला. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने तो ओळखला जातो, शंभर वर्षांहून जुना आहे. माझा फळा काळा-पांढरा, त्याचा निळा-हिरवा, एवढाच फरक मला दिसला. पण दोन गोष्टी त्याच्याकडून शिकले, ते कबूल करायला हवं. एक, सगळ्या कामांत सर्वांत लांब साखळी कुठली ती शोधायची. ती एक दिवस ढळली तर सगळंच एक दिवस ढळतं. बाकीची कामं चार दिवस मागेपुढे झाली तरी चालतात. ड्यूपॉन्ट ह्या रसायन कंपनीत १९५० च्या दशकात ह्याचं गणित बसवलं म्हणे. आमच्याकडे ती साखळी डब्यांची निघाली. मी उगाच लेबलांच्या मागे धावत होते. आणि दुसरी म्हणजे, मे महिना वाया गेला आहे असं आधीच धरून चालायचं आणि एकेकाला विचारायचं, ‘सांग, कशाने गेला?’ ‘काही अडचण येईल का?’ असं विचारलं तर आपली माणसं म्हणतात, ‘छे, होईल सगळं.’ पण ‘कशाने गेलं?’ म्हटलं की तोंडं उघडतात. बॉयलरवर काम करणारा दादा, जो वर्षात दहा शब्द बोलतो, तो म्हणाला, “लाईट गेली. चार दिवस आली नाय.”

त्याच्या ह्या एका वाक्यावर आम्ही दर वर्षी २० एप्रिलपासून जनरेटर भाड्याने आणायला लागलो, डिझेलसकट. पहिली दोन वर्षं तो नुसता उभा होता. यजमान रोज त्याच्याकडे बघून भाड्याचा आकडा मोठ्याने म्हणायचे. तिसऱ्या वर्षी, १६ मे २०२१ ला, तौक्ते चक्रीवादळ आलं. एका रात्रीत बागा झोडपून निघाल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती. वादळ कोणाच्या फळ्याने थांबत नाही. झाडावरचा आमचा स्वतःचा आंबाही पडलाच, त्याचं दुःख आहेच. पण पडलेल्यातला जो तयार होता तो पिकवून आम्ही जनरेटरवर डबाबंद केला, शेजारच्या दोन बागायतदारांचाही केला, आणि कच्च्या कैरीचं पन्हं काढलं. यजमान त्या दिवसापासून भाड्याबद्दल बोलत नाहीत, डिझेलबद्दल बोलतात.

हे फक्त आमच्या शेडपुरतं नाही. पेणला मूर्तींच्या कारखान्यात जाऊन पाहा. परदेशी जाणारे गणपती बोटीने जायचे, म्हणून चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी खोक्यांत भरून निघालेले असतात. विसर्जन झालं की पुढच्या वर्षाचं काम तिथे सुरू. त्यांना ‘एक दिवस इकडेतिकडे’ हा शब्दच माहीत नाही, कारण गणपती पंचमीला बसवायची सोय नाही. कोकण रेल्वेने हा धडा फार महाग घेतला. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ च्या जूनमध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे गाड्या घसरल्या, माणसं गेली. त्यानंतर डोंगराचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या. आता पावसाळ्यासाठी वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्यांचा वेग आधीच उतरवलेला असतो, रुळांवर रात्रंदिवस गस्त असते, आणि रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंच पानवल पुलावर वारा मोजणारं यंत्र आहे. पावसाळ्यात गाडी हळू चालते म्हणून डब्यात कुरकुरणाऱ्यांशी माझं दर वर्षी भांडण होतं.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल लिहिणार नव्हते. त्यावर आपली पानं भरून गेली आहेत. पण एक जोडी डोक्यातून जात नाही. महाडचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला, पाऊस दारात असताना, खुला झाला. आणि त्याच रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे. खोदायला घेतलं तेव्हा ठिकठिकाणी जमीनच ताब्यात आलेली नव्हती. नदी तीच, पाऊस तोच, माती तीच. माझी २८ एचपीची मशीन आठवते मला प्रत्येक डायव्हर्जनला.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी आपली जागा मागते आहे. केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना २०२० मध्ये सुरू केली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरलं. ह्यामुळे हल्ली तरुण मुलं-मुली फाइल घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात, आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं. फाइलमध्ये चाळीस पानांचा ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ असतो. पाचव्या वर्षी नफा किती, हे रुपया-पैशांसकट. पण विजेचा अर्ज कोणत्या महिन्यात करायचा, पाण्याची तपासणी कधी, मशीनचा ट्रक वाडीत वळतो का, ह्याची एक ओळ नसते. आमच्याही रिपोर्टात नव्हती. तो बँकेसाठी केलेला असतो, बँकेत वाचला जातो आणि बँकेतच राहतो. माझी सूचना एवढीच आहे की कर्ज देणाऱ्यांनी आणि अनुदान मंजूर करणाऱ्यांनी त्या चाळीस पानांच्या जोडीला एकच पान अर्जदाराच्या स्वतःच्या हाताने लिहून मागावं : माल विकायला निघण्याची तारीख तळाला, आणि तिथून उलटं आजपर्यंत, प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव. त्या पानाला सनदी लेखापाल लागत नाही, फी लागत नाही. आणि ते लिहिता आलं नाही तर कर्जाचा तो हप्ता बँकेने त्या महिन्यात न दिलेलाच बरा, हे मी हप्ते भरलेली बाई म्हणून सांगते.

गेल्या महिन्यात लांज्याकडचा एक मुलगा काजूच्या युनिटची फाइल घेऊन आला होता. मी त्याचा नफा-तोटा पाहिला नाही. मशीनचं कोटेशन मागितलं आणि शेवटचं पान उलटलं. त्याने तो आकडा पाहिला, मोबाईल काढला आणि अंगणात जाऊन कोणाला तरी फोन लावला. चहा निवला तरी आत आला नाही.

हे लिहिते आहे तेव्हा दसरा होऊन सहा दिवस झाले आहेत. फळ्यावर वरून पहिली ओळ आहे डबेवाल्याकडून नवा दर घेण्याची, आणि तिच्यापुढे माझंच नाव आहे. दुकान सहाला बंद होतं, म्हणून पत्र इथेच थांबवते.

आपली नम्र,
एक कॅनिंगवाली, तालुका रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)